सव्वाचारावरचा तारा

झेरॉक्सच्या रांगेत माझ्यापुढे एक शिक्षिका आणि हाताला निळा रंग लागलेले पेंटरकाका उभे होते. शाळेच्या व्हरांड्यात सूर्यमाला आणि तिच्या पलीकडचा सर्वांत जवळचा तारा रंगवून झाला होता आणि दुपारी तपासणी होती.

"काका, तारा गुरूच्या अलीकडे कसा काढलात?"

"तुमच्याच कागदावरून. पृथ्वी एक, गुरू पाच, नेपच्यून तीस, तारा सव्वाचार. एकाला एक पाऊल धरा म्हणालात."

"अहो, ग्रह मोजलेत ते सूर्य-पृथ्वीमधलं अंतर एक धरून. तारा प्रकाशवर्षांत आहे."

"वर्षांत? मग त्याला भिंत कशाला, कॅलेंडर द्या."

"ते अंतरच आहे हो!"

"मग वर्ष का म्हणता?"

"मी एकटी नाही म्हणत, सगळेच म्हणतात."

"बरं, पावलं सांगा."

"पावणेतीन लाख."

"बाई, व्हरांडा चाळीस पावलांचा आहे."

"माहितीय. पण तारा चुकला तर मोठ्या बाई मला नोकरीत कायम करायच्या नाहीत."

"पुसतो. शेवटी बाण काढून लिहितो, 'तारा पुढे आहे.'"

"चालेल. बाणापुढे काय येतं?"

"मोठ्या बाईंची खोली."



"बाण जरा ठसठशीत काढा, काका."