पंचाण्णव टक्के

तुम्ही हसाल, पण सत्तरी उलटल्यावर मी मोबाइलवर राक्षस आणि जादूगारांचं युद्ध खेळतो. एक चाल माझी, एक समोरच्याची. समोर असतो कॉलेजपासूनचा मित्र रहीम, दारव्ह्याच्या शाळेतून निवृत्त झालेला गणिताचा मास्तर.

परवा यवतमाळला माझ्या घरीच बसलो होतो. रहीमचा राजा आणखी एका घावात पडणार होता. माझ्या ड्रॅगनचा नेम लागण्याची शक्यता पडद्यावर दिसत होती, पंचाण्णव टक्के. नेम चुकला. पुढच्याच चालीत रहीमने माझा राजा मारला.

"हे काही जिंकणं नाही," मी म्हणालो. "चाली माझ्याच बरोबर होत्या. तुझं नुसतं नशीब."

"जिंदगीभर संख्याशास्त्र शिकवलं ना बे तू? शंभरात पाच वेळा चुकतेच."

"तरी हुशारी ती हुशारी."

रहीमने चहाचा कप खाली ठेवला. "तुह्या कॉलेजातल्या नोकरीची मुलाखत आठवते? आपण दोघंच उमेदवार होतो. माही जीप लोहाऱ्यापाशी बंद पडली. मी पोहोचलो तवा मुलाखती संपल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तू पेढे वाटले. ते कायचे होते, हुशारीचे?"

हा प्रश्न मी स्वतःला इतकी वर्षं विचारत आलो होतो. तोही विचारत असेल, असं कधी वाटलं नव्हतं.

"लाव दुसरा डाव," रहीम म्हणाला. "पहिली चाल तूच घे. तुले सवय हाये."