पाचरेची जाड बाजू

आम्ही मूळचे पाटणकडचे, जातीने आणि हाताने लोहार. वडील नांगराचे फाळ शेवटायचे, म्हणजे तापवून त्यांना नवी धार द्यायचे, आणि मी ठाण्याला आलो तो चुलत्याच्या मागे मागे, कारण माजिवड्याच्या नाक्यावर त्याचं ट्रकचे पाटे बसवायचं दुकान होतं. पाटे म्हणजे काय सांगू तुम्हाला, गाडीच्या चाकांवर लोखंडाच्या वाकलेल्या पट्ट्या एकावर एक बांधलेल्या असतात ना, धनुष्यासारख्या, त्या. सगळा भार त्यांच्यावर झुलतो. मला आवडायचं ते काम. तापवलेली पट्टी लाल झाली की मावळतीसारखी दिसायची आणि तेलात सोडली की उसासा टाकायची, माणसासारखा.

आता बाळकुमला मुलाकडे असतो, वरच्या मजल्यावर. दुपारी खिडकीशी बसलो की इमारतींच्या मधून खाडीचा वारा येतो, डोळे जड होतात, आणि माझ्या हाताखालून गेलेल्या सगळ्या गाड्या पाण्यावरनं याव्यात तशा येतात, आवाज नाही, चाकं फिरत नाहीत, नुसते पाटे श्वास घेतल्यासारखे वरखाली होतात. सून म्हणते, बाबा, झोपेत हसता तुम्ही. हसतो खरा. मग जीप येते आणि मी जागा होतो.

ती जीप किसन चालवायचा. किसन आमच्याच चाळीतला, माणगावकडचा, माझ्या बरोबरीचा. जीप एका कंत्राटदाराची, मुरबाडच्या पलीकडे डोंगरात विजेचे खांब उभे करायचं काम, रस्ता कसला, नुसते दगड. खाली आपटते म्हणून मालकाने ती उंच करायला सांगितली. पुढचे पाटे ज्या कड्यांना टांगलेले असतात ती आम्ही लांब केली, गाडी उचलली. पण असं उचललं की स्टिअरिंग बिघडतं, वळवल्यावर आपसूक सरळ होत नाही. त्यावर उपाय म्हणजे एक पट्टी, एका बाजूला जाड, दुसरीकडे निमुळती. कुणी शिम म्हणतं, आम्ही पाचर म्हणायचो. ती एक्सल, म्हणजे चाकांचा आडवा दांडा, आणि पाटे यांच्यामध्ये घालायची, एक्सलला थोडा मागे कलवायचा.

आता नीट ऐका, इथेच सगळं आहे. ट्रकला पाटे एक्सलच्या वर असतात, तिथे पाचरेची जाड बाजू मागे. त्या जुन्या जीपला पाटे एक्सलच्या खाली, तिथे जाड बाजू पुढे. मी जन्मभर ट्रकवाला. हात आपल्या सवयीने गेले, मागे लावली. म्हणजे बिघाड काढायचा तो दुप्पट करून ठेवला.

तरी कळलं असतं. आमच्यात रीत होती, पाटे ज्याने बसवले त्यानेच पहिल्या फेरीला ड्रायव्हरशेजारी बसायचं. स्वयंपाक करणाऱ्याने आधी चव घ्यावी तसं. मी बसलो असतो तर पहिल्या वळणालाच म्हटलं असतं, थांब. पण दारात ट्रक खोळंबलेले. किसनचा धाकटा भाऊ अशोक तिथे डबा घेऊन आलेला, गाडीत पुढे बसायची त्याला भारी हौस. मी म्हटलं, किसन, ह्यालाच ने माझ्या जागी. अशोक म्हणाला, पाटेवाले, नापास केलं तर रडायचं नाही हां. आणि हसत गेले दोघं घोडबंदर रोडने.

गायमुखच्या उतारावर वळण घेतलं, स्टिअरिंग परत फिरलंच नाही. जीप खाडीच्या अंगाला गेली. अशोक बाहेर फेकला गेला, जागीच गेला. किसन सांगत होता, स्टिअरिंग आलं नाही, आलं नाही. कुणी ऐकलं नाही, कारण पहाटेच तो डोंगरातून गाडी घेऊन आलेला, डोळे तांबडे. लोक म्हणाले, डुलकी लागली.

जीप माझ्याकडेच ओढून आणली. मी बोल्ट सोडले, उलटी बसलेली पाचर पाहिली आणि भंगाराच्या ढिगात टाकली. मालकाने विचारलं, काम कसं होतं? म्हटलं, चोख. झालं. किसनच्या आईने मरेपर्यंत त्याच्या हातचं पाणी घेतलं नाही. त्याने गाडी सोडली, कल्याणला गोदामावर राखणदार झाला.

गेल्या वर्षी डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी बांधून पडलेलो. उघडून जागं व्हायला डोळेच नाहीत, जीप आली ती जाईना. पट्टी सुटली आणि मी कल्याणला गेलो.

दार त्याच्या मुलीने उघडलं, मंगलने. आतून किसन ओरडला, अरे पाटेवाला, मला वाटलं तू कधीच गेलास वर. म्हटलं, गेलेलो, त्यांनी परत पाठवलं, म्हणाले काम अर्धवट आहे तुझं. हसला. मग मी सांगितलं.

तर म्हणतो कसा, नाही रे दत्ताराम, मला झोपच लागलेली. स्वप्नसुद्धा आठवतं मला. गावची नदी, अशोक लहान, त्याला पाठीवर घेऊन पलीकडे नेतोय, पाणी गार, आणि काठ काही येत नाही. स्वप्न पडलं म्हणजे झोपलेलोच ना मी? शांतपणे सांगत होता, देवाचं सांगावं तसं. लोकांनी इतकं सांगितलं की बिचाऱ्याने झोपही खरी केली आणि तिच्यात स्वप्नही घातलं.

दाराला लावायची लाकडी पाचर पडलेली तिथे. ती उचलली, त्याचा तळवा खाली धरला, म्हटलं हे पाटे, माझा हात वर, हा एक्सल, आणि मध्ये पाचर उलटी घातली, जशी घातलेली तशी. दाबली. माझा हात पुढे कलला. तो बघत राहिला. मग त्याची दोन्ही मनगटं वर आली आणि हवेतच वळायला लागली, जोर लावून, शिरा ताठ. म्हणाला, ओढत होतो रे मी. ओढत होतो. अशोक ओरडत होता, दादा, ओढ.

मंगल म्हणाली, काका, तुम्ही एवढ्या जवळ, ठाण्यात होतात इतकी वर्षं. बस एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं.

निघताना किसन म्हणाला, तू आता येऊ नकोस. पण हे लिहून दे. माणगावला भावकी जमते, मंगल वाचेल सगळ्यांसमोर.

म्हणून तुम्हाला बसवलंय लिहायला. माझा हात घणाचा, लेखणीचा नाही. माफी वगैरे घालू नका त्यात, ती मागायची जागा ही नव्हे. माझं नाव स्पष्ट लिहा, दत्ताराम पाटेवाला, माजिवडा. आणि शेवटी लिहा की किसन जागा होता. ते मोठ्या अक्षरात लिहा, पोरीला चष्मा लागलाय, वाचताना अडायला नको. सुखी राहो ती.