खुनी कोण, ते मी सांगणार नाही!

नाही, नाही, मला एक सांगा, रहस्यकथेचं परीक्षण लिहिताना खुनी कोण ते न सांगणं हा काय गुन्हा आहे? आं? दर रविवारी पेपरात माझं सदर येतं, जुनी पुस्तकं, नवे सिनेमे, सगळं. जुन्या पुस्तकांत काय, शेवटी सगळ्यांना दिवाणखान्यात बसवतात, चहा देतात, मग गुप्तहेर बोलत सुटतो... आणि खुनी बसून ऐकतो! पळत नाही हो! नव्या सिनेमात? नुसता अंधार! इन्स्पेक्टर कायम दुःखी, बायको सोडून गेलेली, घरात दिवा लावायला कोणी नाही! पण कथा चांगली असो, भिकार असो, तुम्हाला सांगतो, आपला बाणा एकच. खुनी कोण, ते मी सांगणार नाही!

तर परवा संपादकांनी बोलावलं. केबिनमध्ये थिएटरचा मालक, चेहरा असा की खून याच्याच घरात झालाय. "अहो, तुमचं परीक्षण वाचून लोक तिकीटच काढेनात! म्हणतात, खुनी कळला, आता बघायचं काय?" म्हटलं, "दाखवा! शेवटाबद्दल एक शब्द लिहिला असेल तर दाखवा!" त्याला दाखवता येईना, मला ऐकवेना, आणि संपादक आपले चष्मा पुसत, "हे बघा, आणखी एक तक्रार आली की सदर बंद." बंद? अहो, जन्मात मला धड जमलेली ही एकच गोष्ट! तरी म्हटलं, करा, खुशाल बंद करा, खुनी कोण ते मी सांगणार नाही आणि कधी सांगितलेलं नाही!

तणतणत घरी आलो. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणते कशी, "अहो भावजी, त्यात काय! तुम्ही ज्याचं नाव काढत नाही, तो खुनी. आमच्या अख्ख्या जिन्याला माहीत आहे."

"म्हणजे?"

"पोस्टरवरची माणसं बघायची, परीक्षणात कोण नाही ते बघायचं. मागे आचाऱ्याबद्दल लिहिलंत, माळ्याबद्दल लिहिलंत, कुत्र्याचं तर केवढं कौतुक! काकाचा पत्ताच नाही. म्हटलं, काकानेच मारलं."

आणि काकानेच मारलं होतं हो! इतकी वर्षं मी जीव मुठीत धरून ज्याला लपवत होतो, त्यालाच धरून लोकांपुढे उभा करत होतो!

पण मीही काही कमी नाही. पुढच्या वेळी सगळ्यांबद्दल लिहिलं, खुन्यासकट! छापायला देण्याआधी वहिनीला वाचून दाखवलं. संपायच्या आत म्हणते, "डॉक्टर."

"कशावरून?"

"बाकीच्यांच्या अभिनयाला नावं ठेवलीत, त्याला तेवढं जपलंत."

लगेच डॉक्टरची सालटी काढली, परत वाचलं. "आता तर डॉक्टरच! इतका राग उगीच येतो का कुणाचा?"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. दोष लिहिण्यात नाहीच, दोष मला खुनी माहीत असण्यात आहे! झालं, मी ते परीक्षण फाडलं, नवा सिनेमा धरला आणि मध्यंतरातच उठून घरी आलो. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण? स्टेपलरनं बंद! काढा म्हटलं आता, कुठून काढता खुनी!

आणि काय सांगू, कोणाला पत्ता लागला नाही! थिएटर भरलं, मालकानं हात दाबला, संपादक म्हणाले, "सदर चालू ठेवा." जिंकलो की नाही? जिंकलो! फक्त तेव्हापासून झोप नाही हो... मारलं कुणी? बहीण वाटत होती, पण तो वकील काही सरळ नव्हता. बघायला गेलो तर सिनेमा उतरलेला! वहिनी मात्र अख्ख्या जिन्यासोबत बघून आली होती. शेवटी लाज सोडून तिला विचारलं, "सांग की गं, निघालं कोण?"

तर तोंडाला पदर लावून म्हणते, "इश्श, भावजी! असं सांगतात का कुणी? मजा जाते!"

आता बोला!