मेट्रन बाईंनी दिलेला एक महिना

काचेच्या सिरिंजा उकळायला ठेवल्या होत्या. थर्मामीटर धुऊन पेल्यात उभे केले होते, चादरी बदलून झाल्या होत्या. रोजचीच सकाळ. बाईंबद्दल चार शब्द बोल म्हणालात, तर मला तीच सकाळ आठवली. तुम्ही सगळे आलात, सिस्टर, आया, बाईंच्या घरची माणसं. बाई गेल्या, बोलणं जड जातंय. सांभाळून घ्या.

मी सिंधू. नवरा गेल्यावर दोन मुलींना घेऊन धुळ्याला आले, नर्सिंगचा कोर्स केला. बाकीचं वाचून वाचून शिकले. सुमनबाई आमच्या मेट्रन.

त्या सकाळी पुरुषांच्या वॉर्डात शेजारशेजारच्या खाटांवर दोन पाटील होते. दोघंही म्हातारे. मी म्हटलं, "पाटील आबा, हात द्या." एकांनी हात पुढे केला. मी इन्सुलिन टोचलं. थोड्या वेळानं पलीकडचे आबा म्हणाले, "सिस्टर, माझं साखरेचं इंजेक्शन राहिलं ना?"

पहिल्या आबांना तोवर दरदरून घाम फुटला होता. मी ओरडत धावले. डॉक्टर आले, ग्लुकोज लावलं. दुपारी आबा उठून बसले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बेटा, तुनामुये वाचनू मी." माझ्यामुळेच वाचलो असं त्यांना वाटत होतं. त्यांना काहीच माहीत नव्हतं.

ऑफिसात डॉक्टर म्हणाले, "हिला सस्पेंड करा." माझ्या डोळ्यांसमोर मुली आल्या. बाई म्हणाल्या, "घरी बसून ही काय शिकेल, साहेब? एक महिना माझ्याकडे द्या." मग माझ्याकडे वळल्या. "नाव का नाही विचारलंस?"

"बाई, वडीलधाऱ्या माणसाला नाव कसं विचारायचं?"

"हात जोड, पाया पड. पण नाव विचार."

महिनाभर माझ्या हातात सुई नाही. प्रत्येक खाटेपाशी उभं राहायचं, पूर्ण नाव विचारायचं, केसपेपरशी ताडून बघायचं. मागे बाई उभ्या. पेशंट हसायचे. "काय सिस्टर, मी रात्रीतून बदललो का?" बाई म्हणायच्या, "सांगा हो, तिला शिकायचंय." त्यांनी माझी चूक चारचौघांत कधी काढली नाही. अन् झाकलीही नाही. अहवालात घडलं तसं लिहिलं. वॉर्डात एकटीच नर्स होती, ड्युट्या त्यांनी स्वतः लावल्या होत्या, हेही लिहिलं. त्याबद्दल त्यांना बोलणी बसली. इथे बसलेल्या कितीजणींना बाईंनी असं पुन्हा उभं केलंय?

पण त्या दुपारी त्यांनी एक अट घातली. "आबांना तू सांगायचंस. मी नाही, डॉक्टर नाहीत."

मी रडले. "बाई, ते मला आशीर्वाद देतायत हो."

"म्हणूनच," बाई म्हणाल्या. "तुझा महिना त्यानंतर सुरू."

आता आपण सगळे उठू आणि बाईंसाठी थोडा वेळ शांत उभे राहू. त्याआधी एवढंच सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आबांच्या खाटेपाशी बसले आणि म्हणाले, "आबा, मी तुम्हाला वाचवलं नाही. काल दुसऱ्याचं इंजेक्शन मी तुम्हाला दिलं."