दारात राहिलेली पिशवी

आम्हा इंजिनियरांची अक्कल किती, ते ऐका. बेतवा नदीकाठच्या जंगलात कॅम्पिंगला जायचं म्हणून आम्ही तिघांनी तीन दिवस खपून सामानाची यादी केली. चौथा रामसेवक, आमच्या कारखान्यातला फिटर, मूळचा तिकडच्याच गरौठा गावचा. तो यादी बघून नुसता हसला होता.

जंगलात पोचलो, दुपारी भुकेनं जीव कासावीस झाला, तेव्हा कळलं की भांड्यांची पिशवी प्रेम नगरात माझ्या दारातच राहिली. पिशवी दारात आणून ठेवली, तेव्हाच मी यादीत टिक करून मोकळा झालो होतो!

आमच्या तिघांतला कुलकर्णी वैतागून म्हणाला, "चला परत."

रामसेवक म्हणाला, "भैया, आटा तो है न?"

आटा होता. पठ्ठ्यानं आट्याच्या पिशवीतच खळगा केला, मीठ-पाणी घातलं आणि तिथंच कणीक मळली. रानगोवऱ्या वेचून पेटवल्या. निखाऱ्यांत कणकेचे गोळे पुरले, त्यांना तिकडं गक्कड म्हणतात; शेजारी वांगी.

मी घड्याळ काढलं. "कितने मिनट?"

"घड़ी रहने दो, भैया. खुशबू बता देगी."

आणि खरंच सांगितलं की वासानं! राख झटकून त्यानं एकेक गक्कड फोडली, वर तूप ओतलं आणि पळसाच्या पानावर वांग्याचं भरीत वाढलं. बोटं भाजत होती, पण कुणी थांबायला तयार नव्हतं. परत जायचं म्हणणाऱ्या कुलकर्ण्यानं सात खाल्ल्या.

घरी आलो तर बायको पिशवी घेऊन दारात उभी. "अहो, मग उपाशीच राहिलात का?"

म्हटलं, "छे! पुढच्या वेळी ही पिशवी आठवणीनं घरी ठेव."