मुद्दा क्रमांक एकेचाळीस

— नाही नाही, तो चौकोन मी बघितलाय. खाली कोपऱ्यात ‘आणखी पॉइंट दाखवा’ म्हणून असतो तोच ना? त्यावर टिक केली, काढली, परत केली, चष्मा पुसून केली. काही नाही. नुसतं पांढरं. एक ओळ तेवढी येते, की तुमच्या मशीनवर एकही रिस्टोअर पॉइंट तयार केलेला नाही. तयार केलेला नाही! अहो, एकेचाळीस केलेत. या बोटाने केलेत, मला टायपिंगला हे एकच बोट चालतं. आणि हे मशीन माझ्या तोंडावर सांगतंय की केलेच नाहीत. घरात एक माणूस असं बोलणारं आहे, ते पुरे नाही का? — बसा ना तुम्ही. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय — बसलात का? बरं, आता पुढे झुकू नका फक्त.

मशीन चालत नाही अशी माझी तक्रार नाही. चालतं. हळू चालतं, ते मान्य. सकाळी बटण दाबतो, दाढी करतो, अंघोळ करून येतो, तोवर ते उठलेलं असतं. दोघं एकदमच दिवसाला लागतो. खाली दोन विटा ठेवल्यात ना, त्या आवाजासाठी, पंखा जमिनीवर घरघरतो म्हणून. प्रिंटर मेलेला आहे, त्यावर मी चहा ठेवतो, तुम्हीही ठेवा. तर प्रश्न तो नाही. प्रश्न असा आहे की आत्ता वाजलेत पावणेचार, आणि पाच वाजता माझी मेहुणी येतेय. हिची थोरली बहीण. ही गेलीय तिला टॅक्सीने आणायला. दोन ट्रंका, वॉकर, आणि ती स्वतः, कायमची. कुठे? तर या खोलीत. तुम्ही बसलाय तिथे तिचा पलंग येणार. मला पाचच्या आत मुद्दा क्रमांक एकेचाळीस पाहिजे, छापून नाही मिळाला तरी चालेल, स्क्रीनवर दिसला तरी चालेल, मी हिला उभं करून दाखवीन.

कसला मुद्दा म्हणजे? अहो, पॉइंट म्हणजे मुद्दाच ना? — असं बघू नका. तुमच्याच दुकानातला तो टकले मिस्त्री, मशीन बसवायला आला होता, त्यानेच सांगितलं, काका, काहीही मोठं करायच्या आधी एक पॉइंट बनवून ठेवा, गडबड झालीच तर तिथपर्यंत मागे येता येतं. मला हे फार आवडलं. आता मोठं म्हणजे काय, ते काही तो बोलला नाही. मी आपलं घरातलं मोठं धरलं. आणि पॉइंट बनवताना नाव विचारतं बघा, वर्णन लिहा म्हणून रिकामी जागा येते — तिथे मी लिहायला लागलो. एक: ‘गिझर तिनेच चालू ठेवला, मान्य केलं.’ दोन: ‘पाहुण्यांसमोर मला घोरतो म्हणाली.’ असं. आणि खरी गंमत पुढे आहे. तारीख-वेळ मशीन स्वतः टाकतं. आपल्याला विचारतसुद्धा नाही. मी एकतीस वर्षं ऑफिसात मीटिंगचं इतिवृत्त लिहिलंय, कोण काय म्हणालं ते, तुम्हाला सांगतो, एवढी भक्कम व्यवस्था आमच्या साहेबाकडे नव्हती. आधी मी वहीत लिहायचो, पण ही म्हणायची तारखा तुम्ही मागाहून घालता. घातली असेल एकदा. दोनदा. एकदा तर जो दिवस अजून उगवलाच नव्हता तो घातला, ती चूक झाली. पण मशीनला काय म्हणणार? मशीन काय माझ्या माहेरचं आहे?

हां, डिस्क बघताय. भरलीय? भरणारच, जुनी आहे बिचारी. काय म्हणता — जागा कमी पडली की जुने पॉइंट आपोआप उडतात? आपोआप? म्हणजे गिझर गेला? घोरणं गेलं? न विचारता? बरं, जाऊ द्या, ती प्रकरणं तशी मिटलेली आहेत, गिझर जळाला मध्यंतरी. पण नवे राहतात ना? शेवटचा तरी राहायला पाहिजे? मग एकेचाळीस कुठंय? तो तर शेवटचाच आहे, दोन मे, संध्याकाळी सहा बावन्न. पाठ आहे मला. ‘थोरलीला खोली द्यायला हो म्हणालेलो नाही. फक्त बघू म्हणालो.’ त्या जागेत जास्त मावत नाही, मावलं असतं तर आणखी लिहिलं असतं.

सगळं भांडण त्या एका शब्दावर आहे हो. चहा पीत होतो दोघं, ही म्हणाली, ताईला आता एकटीला जमायचं नाही, आपल्याकडे आणू या का, आतली खोली आहेच. मी म्हणालो, बघू. आता तुम्ही सांगा, तुम्ही तिऱ्हाईत माणूस, बघूचा अर्थ काय? नाही! बरोबर? आमच्या ऑफिसात साहेब बघू म्हणाला की माणूस फाइल उचलून घरी जायचा. एकतीस वर्षांत एकाही बघूचं पुढे काही झालेलं मी बघितलं नाही. आणि हिच्या डोक्यात बघू म्हणजे हो! दुसऱ्या दिवशी गादीचं माप घेतलं. मी म्हणालो, हे काय? तर म्हणते, तुम्हीच हो म्हणालात. पुढच्या आठवड्यात ती म्हणायला लागली की मी ‘येऊ दे की’ म्हणालो. ‘की’सकट! माझ्या तोंडात तिने ‘की’ घातला. म्हणून म्हणतो, एकेचाळीस पाहिजे.

काय? — हो, ते पॉइंट वापरलेत ना. नुसते वाचून हिला पटायचं नाही, म्हणायची ते तुम्हीच लिहिलंय. मग मी एक-दोनदा — चारदा — मशीन खरोखरच मागे नेऊन दाखवलं. म्हटलं, चल, सव्वीस मार्च ना, आपण सव्वीस मार्चलाच जाऊ, तिथे जाऊन बोल. बटण दाबलं, पाऊण तास ते कण्हत बसलं, आणि बंद होऊन उठलं तर कोपऱ्यात तारीख आपली वीस एप्रिलच. ते मला अजून पटलेलं नाही. मागे गेलं तर तारीख का नाही गेली? ही म्हणाली, झालं समाधान? म्हटलं, तत्त्व म्हणून झालं. आता त्यात एक लहानसं झालं, ते तुम्हाला कामाचं नाही, पण विचारताय म्हणून सांगतो. एप्रिलच्या सुरुवातीला हिने त्या मशीनवर तोंड दिसायचा प्रोग्राम घालून घेतला होता. बहिणीशी बोलायला. रोज साडेचारला दोघी समोरासमोर, तिकडे ती भाजी निवडणार, इकडे ही. तो गेला. मागे गेलो ना आपण, मार्चमध्ये तो नव्हताच, मग राहणार कसा? मशीनचं काही चुकलं नाही. तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर माझंही नाही.

सोळा दिवस. परत घालता येईना, काहीतरी पासवर्ड मागायचा, तो हिला आठवेना, आठवला तो सतराव्या दिवशी. मी म्हणालो, फोन आहे की घरात! फोनवर बोल! बोलायच्या दोघी फोनवर, नाही असं नाही. आणि त्याच सोळा दिवसांत थोरली बाथरूममध्ये पडली. म्हणजे त्याचा याच्याशी काही संबंध नाही. माणसं पडतात. दोन दिवस तशीच लंगडत होती, फोनवर म्हणायची मी बरी आहे. हिचं म्हणणं असं, की तोंड दिसलं असतं तर मला तिथल्या तिथे कळलं असतं. एवढंच म्हणाली, एकदाच म्हणाली. पुन्हा नाही. त्याचा मुद्दा मी केलेला नाही. — करायला हवा होता का? काय लिहिणार त्यात? ती जागा लहान असते हो.

असो. मिळालं का काही? हे कुठलं पान उघडलंत? संरक्षण? कसलं? — बंद? बंद म्हणजे काय? कोणीतरी मुद्दाम बंद केल्याशिवाय होत नाही? आणि बंद केलं की असलेले सगळे पॉइंट एकदम पुसले जातात. एकेचाळीसच्या एकेचाळीस. परत? — नाही येत. कुठूनच नाही? तळाशी वगैरे काही उरतं का, कचऱ्याच्या डब्यात? — बरं.

कोणी केलं? वीज गेली होती मंगळवारी, वीज करेल का हे? नाही करणार. मुलगी करेल, पण ती आहे दुसऱ्या देशात, तिला इथून चहा सुद्धा करता यायचा नाही. मी? मी कशाला करीन? झोपेत उठून केलं म्हणता? मला जागेपणी ते पान सापडत नाही. हिने तर शक्यच नाही, ही त्या उंदराला हातसुद्धा लावत नाही, तोंड दिसायच्या प्रोग्रामलासुद्धा मलाच हाक मारायची, अहो, ताईला लावून द्या. — करा, बंद करून चालू करा. करा, पण वेळ लागेल हां. लवकर आलं की आज? माणूस बघून वागतं हे.

हां, पासवर्ड लिहून घ्या, तो जरा लांब आहे, चौदा अक्षरं आहेत, मधे एक स्वल्पविराम आहे —

— उघडलं?

नाही, छान. छानच. फक्त मी अजून सांगितला नव्हता. आणि तो कीबोर्डच्या पोटाला चिकटवलेला आहे, पण कीबोर्ड तर तुम्ही उचललाच नाहीत. आणि चौदा अक्षरं स्वल्पविरामासकट अंदाजाने यायची नाहीत कुणाला. — मिस्त्री, इकडे बघा. याआधी आलाय तुम्ही या खोलीत. मगाशी पडद्यामागचं विजेचं बटणसुद्धा तुम्ही न विचारता दाबलंत, मी म्हटलं हुशार माणूस दिसतोय. कधी आलात? — गुरुवारी. गुरुवारी मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे थेंब घालून भिंतीला टेकून बसलो होतो, आणि इकडे हे! हिनेच बोलावलं? आणि सांगितलं काय, मला शब्द न् शब्द सांगा, वर-खाली करू नका. ‘यांचे मुद्दे पुसून टाका’ असंच म्हणाली ना? — नाही? मग? ‘यांची खोड मोडा’? — तेही नाही. मग काय म्हणाली ती?

‘तो ताईचा प्रोग्राम पुन्हा जाणार नाही असं काहीतरी करा.’

एवढंच?

मुद्द्यांबद्दल काही नाही? गिझर? मला म्हणाली असेल काही, खडूस वगैरे? — तेही नाही. म्हणजे तिला माहीतच नव्हतं की ते सगळे जातील. तिला ते आठवलेसुद्धा — हां. एकेचाळीस.

आणि पिशवीतून डोकावतंय ते काय? ती पांढरी इंटरनेटची वायर कसली? — दुसरं काम सांगितलंय. मशीन बाहेरच्या खोलीत हलवायचं. टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात. किती मीटर आणलीत? बारा. बाराच लागते. दाराच्या वरून घेतली तर साडेबारा, पण खालून नेली तर बारा पुरते, कपाटामागे खिळा आहे. — मी? मी कशाला मोजीन? सहज मोजलं होतं. मे महिन्यात. माणूस काय रिकाम्या वेळात मोजत नाही?

टॅक्सी वाजली का ती? साडेचारलाच आल्या. ट्रंका उतरवतायत. अहो, ते पान बंद करा आधी. चालू करून देऊ म्हणता परत, संरक्षण? नको. राहू दे. प्रोग्राम गेला बिला तर मग — नको, राहू दे तसंच. पण थांबा हां मिस्त्री, मला एक सांगा. पुरावा नाही म्हणजे कुणाकडेच नाही ना? तिच्याकडेही नाही? म्हणजे आता कोणी काहीही म्हणू शकतं?

— या, या! आलात? अहो ताई, सावकाश, पायरी आहे तिथे! अगं, ट्रंका राहू दे तिथेच, मी येतो! खोली? खोली होतेय की रिकामी, मिस्त्री आलेत, सकाळपासून तेच चाललंय! काय? — अगं, काय म्हणजे? मीच नाही का म्हणालो होतो ताईंना आणू या म्हणून? तूच आढेवेढे घेत होतीस! विसरलीस ना? कुठे लिहून ठेवलंय का तू? नाही ना? मग झालं तर!

— तुम्ही काय हसताय? धरा टेबलाचं ते टोक. आणि तोंड मिटा.