बिनबदामाची थंडाई

– न्हाई न्हाई, मिक्सरमंदी न्हाई, पाट्यावरच वाटायचं. मिक्सरात बिया तापतात, चव जाती. पर तुमची थंडाई गावात कुणी पीत न्हाई ते चवीपायी न्हाई, रुपाली, त्याचं कारण दुसरं हाय – सांगते. आधी बैस तू. नर्मदाकाकूची सून माझ्या वसरीत उभ्यानं बोलून गेली तर उद्या गाव मलाच नावं ठेवंल. त्या पोत्यावर बैस. दाराकडं तोंड कर, उजेडाला, म्हंजी हात दिसतील माझे.

सासूनं धाडलं ना तुला? मान कशाला हालवायलीस, मला काय कळत न्हाई? उद्या धुळवड. मारुतीच्या पारावर तुमच्या घरची थंडाई, तो मान तुमच्या आजेसासऱ्यापासूनचा. अन मागल्या साली काय झालं? बदाम, पिस्ता, केशर – सगळं घातलेलं पातेलं जसंच्या तसं घरी आलं अन म्हशीपुढं ओतलं. म्हशीनं पेलं, म्हैस काय नावं ठेवती का! अन आपल्या बोरीची सगळी माणसं माझ्या मातीच्या डेऱ्यापुढं रांग लावून. मी बोलावलं व्हतं का? – बोलावलं व्हतं, खोटं कामून बोलू. पाराला एवढी जागा, पर मी डेरा मांडते तो बरोबर तुमच्या पातेल्याच्या समोर. अन काकूची नजर माझ्याकडं वळल्याबिगर पहिला गिलास भरत न्हाई. पंधरा धुळवडी झाल्या, एक चुकवली न्हाई. ताप व्हता तरी गेले.

घे, शिकून घे, माझं काय जातंय. ह्या खरबुजाच्या बिया. लोक खरबूज खातात अन बिया फेकतात – मी बाजारातून रसवाल्याकडून मागून आणते, राखेत चोळते, धुते, वाळवते. फुकट. त्या एक वाटी. शेंगदाणे एक वाटी, भिजवून सालं काढलेले. खसखस महाग, हात लावायची सोय न्हाई, म्हून पांढरे तीळ, थोडेच. बडीशेप, पाच-सहा मिरे. इलायचीची सालं – दाणे लोकांच्या खिरीत गेले तरी वास सालात ऱ्हातोच. दारचा देशी गुलाब. अन केशराच्या जागी हळद, नखावर मावंल इतकीच – जास्ती झाली की काढा झाला मन. बारीक वाटायचं, फडक्यातून गाळायचं, चोथा पुन्हा वाटायचा, पुन्हा गाळायचा. अर्धं दूध, अर्धं पाणी, साखर. डेऱ्याला वलं पोतं. झालं. त्याच्यात काय जादू न्हाई.

बदाम? बदामाचं नाव काढू नको माझ्यापुढं. – तुला खरंच कुणी सांगितलं न्हाई? कसं सांगतील, तुझ्या सासूच्या घरात कोण सांगंल.

आगं, तवा तुमच्या घरची थंडाई मीच करायची. लग्नाला दोन वर्सं झाली व्हती माझ्या. दोन-दोन दिवस बदाम सोलायचे, बोटं पांढरी पडायची. त्या साली अंगणात पंधरा-वीस बाया जमलेल्या, अन तुझी सासू सगळ्यांपुढं मनली, शिवकन्या, बदाम कमी भरायलेत, पदर झाड. पदर झाड! माझ्या हातून झाडला जाईना, तर सोता पुढं आली अन माझ्या पदराची गाठ सोडली. झडती घेतली गं माझी, भर अंगणात. आमचे हे दारात रंगाची बादली घेऊन उभे – खाली मान. अन पदरातून काय पडलं? काही न्हाई! एक साल पडलं न्हाई. बाया मनल्या, आगं गरिबाच्या पोरीची कशाला इज्जत घेतीस. तवापासून गाव माझ्याकडून हाय. तुमची थंडाई गोड असू दे न्हाईतर अमृत असू दे, कुणी तोंडाला लावणार न्हाई, मी जित्ती हाय तवर तर न्हाईच. तिला त्या पारावर भरल्या पातेल्यापुढं येकटं बसलेलं बघते ना मी – वर्सभर पुरतं मला तेवढं.

मी कामून बोलले न्हाई तवा? कशी बोलणार, तोंडात –

काही न्हाई. वाटी सरकव इकडं.

…असं बघू नको. पाच व्हते. पाचच. भक्ती पोटात व्हती माझ्या, चौथा महिना, अन दोन दिवस तो वास – भिजल्या बदामाला वास असतो, तुला ठाव न्हाई, तुमी खाणारी माणसं. जिभेला पाणी सुटायचं. एकदा, एकदा जरी कुणी मनलं असतं, शिवकन्या, घे गं दोन – देवाशप्पथ सांगते, मी घेतलेच नसते. कुणी मनलं न्हाई. म्हून गालात धरले. चावताबी येईना, गिळताबी येईना, अन ती गाठ सोडायली. आता जाऊन सांग सासूला! सांग! कोण ऐकणार हाय तिचं ह्या गावात? पंधरा वर्सं मी –

माझ्याकडं बघ की. माझ्या मागं काय बघायलीस?

…काकू.

कवाच्यानं उभ्या ऱ्हायलात तुमी दारात?

ऐकलं ना सगळं? मग बोंबला. जावा पारावर, सांगा, शिवकन्या चोर हाय – काय? काय मनलात?

…ठाव व्हतं?

गाल दिसला व्हता. तवाच. गाठ सोडायलात तवाच दिसला व्हता तुमाला – अन तरीबी तोंड उघड मनलं न्हाई? इतकी वर्सं सगळ्या गावाची बोलणी खाल्ली, पातेली म्हशीपुढं ओतली, अन एक शबूद – कामून? कामून न्हाई बोललात?

न्हाई. नका सांगू. मला ऐकायचंच न्हाई. रुपाली, ऊठ. ने तुझ्या सासूला घरी. – ने मनलं ना!